बाथरूमच्या टाइलआधीचं काम: गिलावा, कोबा आणि ढाळ (प्रकल्प नोंदी)

खोली आतून २.४ × १.५ मी. दार एका टोकाला. समोरच्या टोकाचा ०.९ मी. भाग आंघोळीचा (ओला), अलीकडचा १.५ मी. भाग कमोड-बेसिनचा (कोरडा). नहाणी ट्रॅप (जमिनीवरचं पाणी निघून जाण्याचं तोंड) ओल्या भागाच्या उजव्या कोपऱ्यात. त्याचा मध्य दोन्ही भिंतींपासून १५० मिमी. जुन्या टाइल निघाल्या आहेत. भिंती विटांच्या, उजव्या भिंतीत एक आरसीसी कॉलम. भिंतीला ३०० × ६०० मिमी टाइल, जमिनीला ३०० × ३०० ची खरखरीत टाइल, दोन्ही ९ मिमी जाडीच्या आणि दोन्ही ॲडेसिव्हवर बसणार. या नोंदी टाइलच्या आधीच्या कामाच्याच आहेत.

३ नोव्हेंबर: पाहणी

उरलेल्या जुन्या गिलाव्यावर हातोडीच्या दांड्याने ठोकत पूर्ण भिंत तपासली. आवाज पोकळ आला तिथे खडूने गोल केले. डाव्या भिंतीचा जवळपास निम्मा गिलावा सुटलेला, शॉवरची भिंत बरी, दाराच्या भिंतीवर खिडकीच्या उंचीपासून वर गुळगुळीत नीरू (चुन्याचा पातळ लेप) आणि त्यावर ऑइलपेंट.

ठरलं ते असं: पोकळ भाग सगळा काढायचा. पेंट आणि नीरू दोन्ही पूर्ण खरवडायचे. ‘वर टोचे मारले की भागतं’ हा सल्ला नीरूच्या बाबतीत धोक्याचा आहे, कारण टाइल नीरूला धरते आणि नीरू खालच्या गिलाव्याला सोडतो. पीओपी किंवा जिप्समचा डाग कुठेही शिल्लक राहू द्यायचा नाही. जिप्सम आणि सिमेंटचं ॲडेसिव्ह ओलीत एकत्र आले की त्यांच्या सांध्यात फुगणारे स्फटिक तयार होतात आणि टाइल मागून ढकलली जाते. वायरिंगची खाच पीओपीने बुजवायची सवय सगळीकडे आहे. इथेही स्विचबोर्डच्या खाली तसा एक पट्टा सापडला.

ओळंबा सोडून घेतलेली मापं: डावी भिंत २.४ मी. उंचीत २२ मिमी बाहेर, खालचा भाग आत गेलेला. बाकी तिन्ही ६ मिमीच्या आत. काटकोन ९००-१२००-१५०० ने तपासला. शॉवरचा डावा कोपरा जुळतो. दाराची भिंत १.५ मी. रुंदीत १४ मिमी तिरकी आहे.

४ नोव्हेंबर: काढणी, टोचे

पोकळ गिलावा विटेपर्यंत काढला. विटांचे सांधे १० मिमी खोल खरवडले, म्हणजे नव्या मालाला धरायला जागा मिळते. टिकणाऱ्या जुन्या गिलाव्यावर आणि कॉलमच्या तोंडावर साधारण २५ मिमी अंतरावर, ३ मिमी खोल टोचे मारले. कॉलमवर हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून तिथेच हात आखडता घेतला जातो आणि पुढे तिथलाच गिलावा सुटतो. साच्याचं तेल लागलेलं गुळगुळीत काँक्रीट मालाला अजिबात धरत नाही.

शेवटी तारेचा ब्रश, मग पाणी. भिंत धुतल्याशिवाय टोच्यांतली धूळ निघत नाही.

६ नोव्हेंबर: पाईप, खाचा, मापं

नवे पाईप खाचांत बसवून झाले. विटेची भिंत ११५ मिमीची. उभी खाच भिंतीच्या एक तृतीयांश जाडीपर्यंत चालते, आडवी एक षष्ठांशापर्यंतच, म्हणजे इथे अनुक्रमे ३८ आणि १९ मिमी. १९ मिमीत पाईप आणि त्यावरचा माल मावत नाही, म्हणून आडवी लाइन टाळून पाईप वरून उभे उतरवले.

भिंतीवर काय काय चढणार आहे त्याचा हिशेब इथेच मांडून ठेवला, कारण यापुढचं प्रत्येक माप त्यावर आहे: गिलावा १५, वॉटरप्रूफिंग १.५, ॲडेसिव्ह ४.५, टाइल ९. विटेपासून टाइलच्या तोंडापर्यंत ३० मिमी. डायव्हर्टरच्या (शॉवर-नळाकडे पाणी वळवणारा, भिंतीत बसणारा कॉक) बॉडीवर जी प्लास्टिकची टोपी असते तिच्यावर किमान आणि कमाल अशा दोन खुणा असतात. टाइलचं तोंड त्या दोन खुणांच्या मध्ये यायला हवं. खोल बसला तर हँडल लागत नाही. बाहेर राहिला तर झाकणामागे फट दिसते. दोन्ही वेळी इलाज एकच, टाइल फोडणं.

कमोडचं आउटलेट डाव्या भिंतीच्या बाजूला आहे. कमोडच्या कागदावरचं अंतर टाइलच्या तोंडापासून असतं, विटेपासून नाही. डाव्या भिंतीच्या बुडाशी गिलावाच ३४ मिमी होणार, म्हणून विटेपासून कागदावरचा आकडा अधिक ४९ मिमी असं माप धरलं.

दाबाची चाचणी: सांध्यांचं सॉल्व्हंट सिमेंट २४ तास वाळल्यावर हातपंपाने लाइनच्या नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब. प्लास्टिकचा पाईप सुरुवातीला किंचित ताणतो आणि काटा थोडा उतरतो, त्यामुळे अर्ध्या तासाने पुन्हा दाब भरून मग खरी वाट बघायची. काटा जागेवर राहिला. त्यानंतरच खाचा १:३ (सिमेंट:वाळू) मालाने दोन हातांत बुजवल्या आणि वर दोन्ही बाजूंना १०० मिमी जाईल अशी जाळी ठोकली. गिलावा पूर्ण होईपर्यंत लाइनमध्ये दाब ठेवायचा. जाळीचा खिळा पाईपात गेला तर काटा लगेच सांगतो.

७ नोव्हेंबर: वाळू, शिंपण

वाळूची बाटली-चाचणी: पारदर्शक बाटलीत मिठाचं पाणी, त्यात वाळू, हलवून तीन तास स्थिर. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या ५ टक्क्यांच्या आसपास. ८ टक्क्यांच्या वर गेला असता तर वाळू धुवावी लागली असती. गाळाची वाळू पाणी जास्त मागते, आणि ते जादा पाणी उडून गेलं की गिलावा आकसून भेगाळतो.

वाळू ओलसर आहे. ५-६ टक्के ओल असली की मध्यम वाळू आकारमानाने पाव हिस्सा फुगू शकते. घमेल्याने मोजलं तर वाळू प्रत्यक्षात कमी पडते, माल कडक (सिमेंट जास्त असलेला) होतो आणि जाळीदार केसभेगा येतात. म्हणून चार घमेल्यांच्या हिशेबात जवळपास पाच घमेली ओली वाळू धरली. गिलाव्यासाठी बारीक चाळणी, कोब्यासाठी ४.७५ मिमीची.

भिंती भिजवून, वरचं पाणी जिरू देऊन शिंपण केलं: १ सिमेंट, २ जाड वाळू, पातळसर माल थापीने जोरात मारायचा. लिंपायचा नाही, रंधाही मारायचा नाही. खरखरीत दाणेदार पापुद्रा हाच हेतू. कॉलमवर मारण्याआधी एसबीआर लॅटेक्स (पकड वाढवणारं रबरी द्रव) आणि पाणी समप्रमाणात, त्यात ब्रशने लागेल इतपत दाट होईपर्यंत सिमेंट, असा हात दिला. ही स्लरी ओली असतानाच त्यावर माल पडला पाहिजे. वाळल्यावर तिची पातळ फिल्म होते आणि ती माल धरण्याऐवजी सुटा ठेवते. म्हणून एका वेळी अर्धा चौरस मीटरच लावली.

शिंपणाला दोन दिवस पाणी.

९ नोव्हेंबर: लेव्हलची रेघ, ठिपके

चारही भिंतींवर एक आडवी रेघ मारली. ती ट्रॅपपाशी तयार फरशीच्या बरोबर १००० मिमी वर आहे. यापुढे प्रत्येक पातळी या रेघेपासून खाली मोजायची, स्लॅबपासून वर नाही. स्लॅब सपाट नसतोच: ट्रॅपपाशी १०४०, इतरत्र १०३८ ते १०४७.

भिंतींवर १५० × १५० मिमीच्या टाइलचे तुकडे मालात बसवून लेव्हलचे ठिपके केले. कोपऱ्यापासून १५० मिमीवर पहिला, मग दर १.२ मी.वर, वर-खाली ओळंब्यात, आडवे दोरीत. डाव्या भिंतीवर वर १२ मिमी, खाली ३४ मिमी जाडी निघाली. दाराच्या भिंतीचा तिरकसपणा गिलाव्याने काढायचा नाही असं ठरलं. १४ मिमी तिथे वाढवले तर चौकट आत बुडते. तो फरक दारामागच्या कापलेल्या टाइलमध्ये जिरेल आणि कुणाला दिसणार नाही. शॉवरच्या दोन कोपऱ्यांना मात्र काटकोन हवाच. तिथे भिंतीचे आणि फरशीचे सांधे समोरासमोर येतात आणि ५ मिमीची चूकसुद्धा डोळ्याला टोचते.

१० नोव्हेंबर: गिलावा, पहिला थर

माल १:४. एका ५० किलोच्या बॅगेला द्रवरूप वॉटरप्रूफिंग कंपाउंड डब्यावरच्या प्रमाणात (या डब्यावर २०० मिली), ते मळायच्या पाण्यात मिसळून, सिमेंटवर थेट ओतून नाही.

मालाचा हिशेब: परिमिती ७.८ मी. × २.४ मी., त्यातून दार आणि खिडकी वजा केली की सुमारे १६.९ चौ.मी. सरासरी १५ मिमी धरून ओला माल ०.२५ घ.मी., कोरडा त्याच्या १.३ पट म्हणजे ०.३३ घ.मी. त्यात सिमेंट दोन बॅगा, वाळू ०.२६ घ.मी. डाव्या भिंतीची जादा जाडी आणि सांडलवंड यासाठी अर्धी बॅग वेगळी.

पाणी पडल्यापासून अर्ध्या तासात संपेल एवढाच माल एका वेळी कालवायचा. घमेल्यात आवळायला लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो ‘जिवंत’ करण्याची रीत बाथरूमच्या भिंतीला चालत नाही. बसत आलेली पकड त्यात मोडते आणि नंतर ठोकलं की पोकळ वाजतो तो हाच माल.

एका हाताला १२ ते १५ मिमी, त्याहून जास्त नाही. जाड थर स्वतःच्या वजनाने खाली सरकतो. वरून लगेच कळत नाही, पण मागे भिंतीपासून केसाएवढी फट पडते. डाव्या भिंतीवर बुडाशी ३४ मिमी भरायचे असल्याने तिथे जाळी मारून तीन हात ठरवले: १२, १२, १०. कॉलम आणि विटेच्या सांध्यावरही दोन्ही बाजूंना १५० मिमी जाळी.

आजचा थर ओला असतानाच तारेच्या फणीने आडव्या नागमोडी रेघा ओढून ठेवला.

११ ते १२ नोव्हेंबर: वरचे थर

खालचा थर कडक झाल्यावर, हलका ओला करून. वरचा माल खालच्यापेक्षा कडक नको. १:४ वर १:३ चढवला तर आकसताना वरचा थर खालच्याला ओढतो आणि पापुद्र्याने सुटतो. म्हणून सगळीकडे १:४ च.

ॲल्युमिनियमची २ मी. पट्टी ठिपक्यांवर टेकवून खालून वर, करवतीसारखी हलवत माल कापला. खड्डे भरून पुन्हा कापला. ठिपक्यांचे टाइलचे तुकडे काढून ती जागा त्याच मालाने भरली. तुकडा आत राहिला तर नेमका तिथे गिलावा वेगळा आकसतो.

शेवट लाकडी रंध्यावर. पत्र्याचा गुरमाळा फिरवायचा नाही आणि कोरडं सिमेंट शिंपडून घोटायचं तर मुळीच नाही. घोटल्याने बारीक सिमेंट वर येतं आणि चकचकीत, बंद पापुद्रा तयार होतो. रंग द्यायला तो छान, ॲडेसिव्ह मात्र त्यात शिरत नाही. जाळीच्या आकाराच्या केसभेगाही बहुतेक या कोरड्या सिमेंटानेच येतात.

बुडाशी गिलावा स्लॅबपर्यंत पूर्ण उतरवला. कोपऱ्यात साचलेला माल ओला असतानाच थापीने स्वच्छ काटकोनात काढला.

१३ ते १९ नोव्हेंबर: पाणी

दिवसातून तीन वेळा फवारा, दुपारच्या आधी एक नक्की. सात दिवस. खिडकी झाकलेली, कारण वाऱ्याची झुळूक उन्हाइतकीच वाईट. १४ ला ठोकून पाहिलं. डाव्या भिंतीवर कमोडच्या मागे तळहाताएवढा पोकळ ठिपका. चौकोनी कापून काढला, कडा आतल्या बाजूला रुंद केल्या, एसबीआरचा हात देऊन पुन्हा भरला.

१५ नोव्हेंबर: ट्रॅप आणि स्लॅब

भिंतींना पाणी चालू असताना खालचं काम. स्लॅबवर सांडून सुकलेला माल छिन्नीने पूर्ण उचलला.

ट्रॅपच्या प्लास्टिकला माल चिकटत नाही. ओल खाली उतरते ती बहुतेक वेळा याच गोल फटीतून, मधल्या स्लॅबमधून नाही. पाईपचा बाहेरचा भाग खरखरीत कागदाने घासला, सॉल्व्हंट सिमेंट लावलं, त्यावर लगेच जाड कोरडी वाळू दाबली. ती पक्की झाल्यावर भोवतीची पोकळी खालून फळी बांधून न आकसणाऱ्या ग्राउटने भरली. ट्रॅपच्या तोंडाची पातळी तयार फरशीच्या २-३ मिमी खाली.

दाराबाहेरच्या फरशीची पातळी रेघेपासून ९४०. म्हणजे बाथरूमच्या स्लॅबपासून १०० मिमी मिळतात. ढाळाला एवढी जागा पुरते का, त्याचा हिशेब खाली २८ तारखेच्या नोंदीत आहे. तो ट्रॅपची उंची पक्की करण्याआधीच मांडला होता आणि तसाच मांडायला हवा.

२० ते २१ नोव्हेंबर: स्लॅबवर वॉटरप्रूफिंग

स्लॅब आणि भिंतीच्या सांध्यात मालाचा गोलवा, म्हणजे वाटा, ४० मिमीचा. इथे तो चालतो कारण वर कोबा येऊन तो पुरला जाणार. हाच मोठा वाटा कोब्याच्या वर केला तर टाइलची कडा त्याच्यावर चढते आणि कोपऱ्यात बसत नाही. मग कारागीर तो फोडतो, आणि त्याबरोबर वॉटरप्रूफिंगही.

दोन भागांचं ॲक्रिलिक-सिमेंट कोटिंग. पृष्ठभाग ओलसर, पण वर पाणी नाही. पहिला हात लांबीत, दुसरा रुंदीत, मधे सहा तास. भिंतीवर ३०० मिमी वर चढवलं. पावडर आणि द्रव पॅकवरच्या प्रमाणातच. लागायला सोपं पडावं म्हणून पाणी घातलं की फिल्म पातळ होते आणि तडकते.

२५ ते २७ नोव्हेंबर: पाणी तुंबवून

ट्रॅपला फुगा लावून, दारात विटेचा बांध घालून ५० मिमी पाणी, ४८ तास. शेजारी पाणी भरलेली बादली ठेवली आणि दोन्हीकडे पातळीच्या खुणा केल्या. बादलीत जेवढं उतरतं तेवढं बाष्पीभवन. जमिनीवर त्याहून जास्त उतरलं तर गळती. दोन्हीकडे फरक सारखाच. खालच्या छतावर ट्रॅपभोवती डाग नाही.

२८ नोव्हेंबर: कोबा आणि ढाळ

या कामातला सगळ्यात नाजूक दिवस. फरशीचा ढाळ कोब्यातच द्यायचा, ॲडेसिव्हने नाही. ॲडेसिव्ह ३ ते ६ मिमीचा थर म्हणून बनवलेलं असतं. त्याने खड्डे भरले की जाड जागी जास्त आकसतं, टाइल खाली ओढली जाते आणि शेजारच्या दोन टाइलच्या कडा वर-खाली होतात.

ट्रॅप कोपऱ्यात असण्याचा एक फायदा क्वचितच लक्षात घेतला जातो. ओला भाग लांबी आणि रुंदी अशा दोन्ही दिशांना १:८० उतरवला तर तो एकच सपाट, तिरका तक्ता होतो. टाइलना तिरपे काप द्यावे लागत नाहीत. ट्रॅप मधोमध असता तर चारही बाजूंनी उतार, म्हणजे कर्णावर काप आलेच. दोन दिशांचा १:८० मिळून कर्णावर साधारण १:५७ ढाळ पडतो, आंघोळीच्या जागेला तो पुरतो.

आकडे, तयार फरशीचे, रेघेपासून खाली:
ट्रॅप १०००.
ओल्या भागाचा ट्रॅपपासून सगळ्यात दूरचा कोपरा ९७४ (लांबीच्या दिशेने १३५० चे १७ मिमी, रुंदीच्या दिशेने ७५० चे ९ मिमी).
कोरड्या भागाची ओल्याकडची कड ९६४, पूर्ण रुंदीभर समपातळीत.
दारापाशी ९४९ (१.५ मी. ला १:१००).
बाहेरची फरशी ९४०, म्हणजे आतली ९ मिमी खाली.

कोरड्या आणि ओल्या भागात त्यामुळे एका टोकाला १० मिमी आणि ट्रॅपच्या बाजूला २७ मिमी अशी वाढत जाणारी पायरी येते. ती दगडी पट्टीखाली झाकली जाते. कोरडा भाग ओल्याच्याच तक्त्यात पुढे नेला असता तर पायरी टळली असती, पण मग कमोड आडवा तिरका बसला असता. ३६० मिमीच्या बुडाला साडेचार मिमीचा फरक डोळ्याला दिसतो.

कोब्याचं तोंड या प्रत्येक आकड्याच्या १५ मिमी खाली: ट्रॅपपाशी १०१५, दूरचा कोपरा ९८९, कोरडी कड ९७९, दार ९६४. जाडी ट्रॅपपाशी २५ आणि दारापाशी ७६ मिमी. २५ च्या खाली कोबा नेऊ नये. पातळ कोबा लवकर सुकतो, कडेने उचलतो आणि पोकळ वाजतो.

माल: ओलं आकारमान ०.२ घ.मी., कोरडं ०.२६. १:४ ने सिमेंट दीड बॅग. अर्धसुका माल दाबून बसतो, म्हणून पावणेदोन धरली. वाळू ०.२१ घ.मी., वर थोडी शिल्लक. पाण्याचा अंदाज मुठीने: दाबला की लाडवासारखा गोळा राहावा, बोटांतून पाणी निथळू नये. गोळा फुटला तर पाणी कमी, तळहात ओला झाला तर जास्त. ओला कोबा पसरायला सोपा, पण पाणी वर येतं, सोबत बारीक सिमेंट आणतं, आणि वाळल्यावर हाताला पांढरी भुकटी लागते.

क्रम: कोटिंगवर एसबीआर-सिमेंटची स्लरी, ती ओली असतानाच माल. आधी ठिपके, मग ठिपक्यांना जोडणारे पट्टे, मग मधला भाग. दाराकडच्या जाड भागात दोन थर, खालचा थर धुमसाने ठोकून खरवडून लगेच वरचा. कोरड्या-ओल्याच्या सीमेवर लाकडी पट्टी बांधून पायरीची कड सरळ उतरवली.

ट्रॅपच्या मागचे, भिंतीकडचे १५० मिमीचे दोन पट्टे हाताने उलट ढाळाचे केले. तक्ता तसाच पुढे नेला तर पाणी ट्रॅप ओलांडून भिंतीशी थांबतं. दोन-तीन मिमीच असतात, पण कोपऱ्यातली काळी झाळ (टाइलमधल्या फटीतला भराव) त्यातूनच येते.

भिंतीच्या कडेने ५ मिमी फोमची पट्टी, म्हणजे कोबा आकसताना किंवा फुगताना भिंतीला ढकलत नाही. तोंड रंध्याने खरखरीतच ठेवलं.

२९ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर

कोब्यावर प्लास्टिकचा कागद, कडा दाबून, आत ओल. पाय ठेवायचा नाही. ३० ला कागद उचलून एकदा बाटलीभर पाणी सोडून बघितलं. पाणी ट्रॅपकडेच गेलं, दूरच्या कोपऱ्यातूनही.

६ ते १९ डिसेंबर: वाळणं

कागद काढला, खिडकी उघडी. हीटर किंवा पंख्याचा थेट झोत नाही. कोबा आकसायचा तेवढा इथेच आकसू द्यायचा. त्याला किमान तीन आठवडे आणि गिलाव्याला दोन असा हिशेब. टाइल लवकर लावल्या तर आकसण्याचा ताण टाइलच्या पाठीवर येतो, आणि टाइल मधूनच उठतात. बारीक भेग एकच, पायरीच्या कोपऱ्यातून निघालेली, ०.३ मिमीच्या आसपास. १७ ला पुन्हा मोजली, वाढली नव्हती. व्ही आकारात उघडून पॉलिमर मॉर्टरने भरली.

१८ ला सपाटी: भिंतींवर २ मी. पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दोन जागी. शॉवरच्या भिंतीवरचा उंचवटा घासून उतरवला. उजव्या भिंतीवरचा ४ मिमीचा खड्डा दुरुस्तीच्या मॉर्टरने भरला. पाण्याच्या थेंबाची परीक्षा घेतली: थेंब मिनिटाभरात जिरला पाहिजे. दाराच्या भिंतीवर एके ठिकाणी तो तसाच उभा राहिला, म्हणजे तिथे पेंटचा अंश. पुन्हा खरवडलं.

२० ते २१ डिसेंबर: वरचं वॉटरप्रूफिंग

कोब्यावर पूर्ण, कोरड्या भागात भिंतीवर ३०० मिमी, ओल्या भागाच्या तिन्ही भिंतींवर २.१ मी. पर्यंत. एकूण सुमारे ११.६ चौ.मी. दोन हातांना दर चौ.मी. अंदाजे २ किलो या पॅकवरच्या आकड्याने २३ किलो. संपलेल्या मालाचं वजन हीच जाडीची खरी तपासणी. भिंत झाकली गेली पण निम्मं पॅक उरलं, तर फिल्म निम्मीच आहे.

या वेळी वाटा मोठा नाही. फोमची पट्टी कापून सांध्यात १० मिमीचा छोटा गोलवा आणि त्यावर पहिल्या ओल्या हातात दाबलेली १०० मिमी जाळीची पट्टी. ट्रॅपभोवती आणि डायव्हर्टरभोवती तुकडे वेगळे. पायरीवरून कोटिंग अखंड नेलं. दगडी पट्टी त्याच्या वर ॲडेसिव्हने बसेल. काचेच्या पार्टिशनच्या चॅनेलसाठी जमिनीत स्क्रू मारायचा नाही, हे बसवणाऱ्याला आधीच सांगून ठेवायचं.

२६ ते २८ डिसेंबर

पुन्हा ४८ तास पाणी, बादलीच्या खुणेसह. ठीक.

२९ डिसेंबर: टाइलसाठी तयार

दुसऱ्या ओळीची आधारपट्टी भिंतींवर ठोकायची नाही, ओल्या भागात ती उभ्या टेकूंवर. पट्टीची वरची कड रेघेपासून ७१० खाली, म्हणजे ट्रॅपपाशी तयार फरशीच्या २९० मिमी वर. बुडाची टाइल मग फरशी झाल्यावर कापून बसेल: ट्रॅपच्या कोपऱ्यात २९०, दारापाशी २३९, सगळीकडे ३०० च्या आत, प्रत्येक ठिकाणी वर-खालच्या झाळीचे ५ मिमी वजा करून.

ॲडेसिव्ह सी२ (जास्त पकडीच्या) वर्गातलं, कारण खाली पॉलिमरचं कोटिंग आहे आणि पाणी रोजचं. १० मिमी खाचांचा गुरमाळा, रेघा एकाच दिशेने. सुरुवातीच्या काही टाइल लावून लगेच उचलून पाठ बघायची: ओल्या भागात ९५ टक्के भरलेली हवी, कोपरे धरून. मधे गोळा आणि चार कोपऱ्यांत चार ठिपके अशी टाइल दिसली तर ती तिथेच काढायची. मागच्या पोकळीत पाणी साठतं आणि भिंतीवर नंतर ड्रिल लागलं की कोपरा फुटतो.

फरशीची पहिली पूर्ण टाइल ट्रॅपच्या कोपऱ्यातून नाही, कोरड्या भागात दाराच्या बाजूने. भिंतीच्या टाइल धरून रुंदी १४७० उरते: चार पूर्ण आणि एक २६० ची. कापलेली ओळ कमोडच्या बाजूला.